पुढच्या सीटवरची मिरची

सुखियापोखरी,
फाल्गुन महिना, आज धुकं नाही

आदरणीय व्याहीबुवा श्री. इंद्रहांग सुब्बा यांच्या सेवेशी,

रणध्वज राईचा दोन्ही हात जोडून आणि कानटोपी काढून नमस्कार. (कानटोपी लगेच परत घातली आहे. आमच्याकडे अजून इतका शिष्टाचार परवडत नाही.) तुमची प्रकृती खणखणीत असेल, गुडघा कुरकुरत असेल पण बोंबलत नसेल, विहीणबाईंचा खोकला खालच्या उबेत निवला असेल, आणि गाय व्याली असून कालवडच झाली असेल, असं मी धरून चाललो आहे. यातलं काही चुकलं असेल तर कळवावे, म्हणजे त्याप्रमाणे आनंद किंवा दुःख करता येईल. इकडे सगळे सुखरूप. सुवासच्या आईच्या दाढा तेवढ्या सोडा. तुमचा जावई सुवास गोव्याच्या हॉटेलात नोकरीवर मजेत आहे. परवा त्याने अर्ध्या चड्डीत समुद्राकाठी उभं राहून काढलेला फोटो पाठवला. आम्ही दोघं शेकोटीला चिकटून तो बघत होतो. त्याची आई म्हणाली, "पोराला कुणीतरी शाल द्या हो!"

फोनच केला असता. पण तुमच्या घरी फोन आला की तो स्पीकरवर टाकून मधोमध ठेवतात आणि घरची माणसं, शेजारपाजारी, झालंच तर एक-दोन कोंबड्या भोवती बसून ऐकतात. काही गोष्टी एका व्याह्याने दुसऱ्याला एकट्यात सांगायच्या असतात. तेव्हा हे पत्र घेऊन परसात जा, वेलचीच्या वाफ्यापलीकडे, आणि तिथे वाचा.

पत्राचं मुख्य कारण म्हणजे आभार. लग्नात मुलीची पाठवणी करताना तुम्ही जे दिलंत, त्याचे आभार मानायचे राहून गेले होते. ट्रंका चढल्या, गाद्या चढल्या, माझी जीप शिगोशीग भरली, आणि सगळ्यात शेवटी तुम्ही घरातून तेलाचा पिवळा डबा पोटाशी धरून बाहेर आलात. डब्यात कमरेएवढं डल्ले मिरचीचं झाड, बोराएवढ्या लालभडक मिरच्यांनी लगडलेलं. आमच्याकडची मंडळी फिदीफिदी हसली. कुणीतरी म्हणालंसुद्धा, "सोनं घरात विसरलं वाटतं!" तुम्ही तिकडे लक्ष दिलं नाही. माझ्या हातात डबा देऊन म्हणालात, "सम्धी, चार वर्षांचं झाड आहे. पोरीने रोपापासून वाढवलंय. वर तुमच्याकडे थंडी वाईट. पोरगी रडेल, रुसेल, तुम्हाला कळेल तरी. हे काही बोलत नाही, एकदम मरतं." त्यावर मी जे बोललो ते तुम्हाला आठवत असेलच, कारण ते सगळ्या मांडवाने ऐकलं. मी म्हणालो, येत्या फाल्गुनात याच झाडाची मिरची तुमच्या ताटात वाढीन, नाहीतर रणध्वज नाव सांगणार नाही. (बोललो मी, पण बोलवून घेतलं तुमच्या तोंगब्याने. इतकी मुरलेली कोदोची दारू पाहुण्याला पाजणं आणि मग त्याच्याकडून वचन घेणं, याला आमच्याकडे वेगळा शब्द आहे.)

आता खरं सांगतो, घरी आल्यावर मला झाडाची नाही, तुमच्या लेकीची, जुनेलीची काळजी लागली. पोरगी कामाला वाघ. आम्ही उठायच्या आत चूल पेटलेली, पाणी भरलेलं. पण तोंडातून शब्द निघेल तर शपथ. "हो", "नको" आणि "झालं", एवढ्या तीन शब्दांवर तिने मार्गशीर्ष काढला. सुवास आठवडाभर राहून गोव्याला पळाला, हॉटेलाचा हंगाम होता ना. मग तर "नको" एवढाच शब्द उरला. जेवायला बसली की चिमणीने टिपावं तसं टिपायची. मी जन्मभर या रस्त्यावर जीप हाकली, व्याहीबुवा. मला माणसं कळत नाहीत, पण प्रवासी कळतात. जो प्रवासी अजिबात बोलत नाही, तो एक तर चोर असतो, नाहीतर त्याला मळमळत असतं. आणि पोर काही चोर नव्हती.

एके सकाळी मी जीपखाली उताणा पडून गळका बोल्ट आवळत होतो. जुनेली अंगणात आली. मी खाली आहे हे तिला ठाऊक नव्हतं, मला फक्त तिच्या चपला दिसत होत्या. ती झाडापाशी बसली, वाळकं पान खुडलं, आणि अगदी सहज, शेजारणीशी बोलावं तसं म्हणाली, "तू मेलीस तर मी इथे कुणाशी बोलू गं?" व्याहीबुवा, माझ्या कानात ऑइलची धार लागली होती. ती पुसायला हात हलवला असता तर तिला कळलं असतं. मी तसाच पडून राहिलो. ती आत जाईपर्यंत माझ्या कानाने पावभर ऑइल पिलं असेल. (तो कान तेव्हापासून जरा मऊ चालतो.)

त्याच दिवशी मी ठरवलं की आता झाडाला घरातली सगळ्यात उत्तम जागा द्यायची. आमच्या घरातली सगळ्यात उत्तम जागा म्हणजे चुलीची कड. तिथे मी बसतो, मांजर बसतं, आणि वर दोरीला सुकवायचं मांस टांगलेलं असतं. मी मांजराला उठवलं, स्वतः सरकलो आणि डबा ठेवला. सुवासची आई म्हणाली, "मांसाला मानवतो तो धूर मिरचीलाही मानवेल." मला ते पटलं. आमच्या संसारात तिचं म्हणणं मला पटतंच, न पटून जायचं कुठे? आठवड्यात पानं कडेने कुरळी झाली, मग पिवळी, मग टपाटप. मिरच्या सुरकुतल्या. झाडाला छान खमंग वास मात्र सुटला. जुनेली पडलेली पानं एकेक उचलून ओच्यात घेत राहिली. ती ओरडली असती, भांडं आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

मग डबा खिडकीत गेला. पण आमचं घर डोंगराच्या सावलीत. सूर्य आमच्याकडे लांबच्या नातेवाइकासारखा येतो, दारातूनच डोकावतो आणि चहा न घेता जातो. सकाळी गवतावर मीठ सांडल्यासारखं पांढरं पडलेलं असतं, आणि धुकं तर घरात येऊन भांड्यांवर बसतं. ऊन मिळतं ते घूम गावच्या रस्त्यावरच्या एका वळणावर. तिथे चहाची टपरी आहे, आणि धुकं विरलं की दुपारपर्यंत स्वच्छ ऊन. ऊन घरी येईना, तेव्हा झाडाने उन्हाकडे जायचं ठरलं. माझी एक फेरी रोज सकाळी घूमला असतेच. परत येताना त्या वळणावर गाडी उभी करायची आणि झाडाला ऊन खाऊ घालायचं. डबा मागे ठेवला तर प्रवाशांचे पाय लागणार, टपावर ठेवला तर वारा झोडपणार. राहिली पुढची सीट. काचेतून ऊन आणि पायाशी इंजिनची ऊब. तुमच्या मिरचीला गव्हर्नरसारखी जागा मिळाली.

इथेच पेच पडला, कारण ती जागा कार्थक मास्तरांची होती. हे आमचे शेजारी, शाळेतून निवृत्त, रोज सकाळी घूमला जाऊन मित्राकडे चहा पितात आणि परत येतात. (चहा घरीही असतो. पण घरी मास्तरीणबाईही असतात.) ती सीट त्यांच्याखेरीज कुणी वापरलेली मला आठवत नाही. साहेब आले तरी मागे बसले. पहिल्या दिवशी मास्तरांनी दार उघडलं, डबा बघितला, चष्मा पुसून परत बघितला, आणि विचारलं, "रणध्वज, ही कोण?"

मी म्हणालो, "सुनेच्या माहेरची आहे, मास्तर."

मास्तरांनी मागे डोकावून बघितलं. मागे सात माणसं, मुळ्यांची दोन पोती आणि आंबवलेल्या सोयाबीनचा, किनेमाचा डबा. (किनेमा खायला उत्तम, शेजारी बसायला नाही.) मग ते म्हणाले, "माहेरच्या पाहुण्याला उठवायचं नाही. बसू दे तिला." आणि मागे जाऊन किनेमाशेजारी बसले. अख्खी थंडी ते मागेच बसले, व्याहीबुवा. रोज चढण्याआधी पुढच्या काचेतून झाडाला "काय, बरं आहे ना?" विचारायचे. तुम्ही इकडे आलात की पहिले आभार त्यांचे माना. माझे नंतर मानले तरी चालतील.

रस्त्यावर बातमी पसरायला वेळ लागत नाही. "दाजू, मिरचीबाईंचं लग्न ठरलं का?" असं समोरून येणारे ड्रायव्हर हॉर्न मारून विचारायचे. चौकीवरचा हवालदार गाडी थांबवून झाडाची चौकशी करायचा आणि माझी करायचा नाही. चहाच्या टपरीवाल्या बाईंनी तर डब्याखाली घालायला गोणपाट दिलं, गार पत्रा मुळांना बाधू नये म्हणून. मला इतकी वर्षं त्या रस्त्यावर हिंडून जी इज्जत मिळाली नाही, ती तुमच्या झाडाने पौषात मिळवली.

उबेने उरलेल्या पानांत जरा तरतरी आली. आणि त्या तरतरीबरोबर मावाही आला. पानांच्या पाठीवर हिरवे, चिकट, मोहरीएवढे किडे. मी ऐकलं होतं की दारूने किडे मरतात. घरात वाटीभर रक्सी होती, तिच्यात फडकं बुडवून एकेक पान पुसलं. किडे मेले नाहीत. मला तर ते जास्त खुशीत दिसले. उरलेली रक्सी फुकट जाऊ नये म्हणून मी पिऊन टाकली, एवढाच काय तो उपाय लागू पडला. तेव्हा सुवासची आई पदर खोचून उठली. कोमट पाणी, धुण्याच्या साबणाचा चुरा, परात. तिने झाडाला परातीत आडवं धरलं आणि पोराला न्हाऊ घालावं तसं घासायला लागली, आणि तोंडाने चालू, "हात वर कर! मान इकडे! किती दिवस आंघोळ नाही केलीस गं, कुणी वाढवलं तुला, काही वळण म्हणून नाही!" आणि मग राखेची चिमूट उडवली ती थेट स्वतःच्या नाकात. ती शिंकली, झाड निसटलं, परात उलटली, साबणाचं पाणी मांजरावर, मांजर माझ्या खांद्यावर, आणि त्या गोंधळात मला एक आवाज ऐकू आला जो आमच्या घरात मी आधी ऐकला नव्हता. जुनेली हसत होती. भिंतीला टेकून, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मला मांजराने ओरबाडलं होतं, तरी मी हललो नाही. हललो तर ती थांबेल असं वाटलं.

त्या दिवशी ती दोन ताटं भात जेवली. सुवासची आई मला मोरीपाशी गाठून कुजबुजली, "उद्या परत न्हाऊ घालू या का?"

मग तुम्हाला फोन केला तो दिवस. पानं निम्मी गळालेली, पुढे काय करायचं विचारलं. तुमच्याकडे तो फोन मधोमध ठेवलेला, कोंबड्या, विहीणबाईंचा खोकला, माझा ऑइल पिलेला कान. तुम्ही म्हणालात, "वीतभर ठेवून छाटा." मी ऐकलं, "नीट धरून झाका." मी आज्ञाधारक माणूस. सुवासच्या आईची लग्नातली लोकरी शाल काढली, झाडाला मानेपर्यंत गुंडाळली आणि वरून पोतं घातलं. पाणीही घालत राहिलो, तहान लागायला नको म्हणून. दहा-बारा दिवसांनी शाल सोडली तर आतून बुरशीचा वास, आणि पानं म्हणावी अशी एक उरलेली नाही. परत फोन. या वेळी जुनेलीने कानाला लावला आणि मग माझ्याकडे वळून म्हणाली, "झाका नाही, छाटा. पाणीसुद्धा थंडीत जवळपास बंदच ठेवायचं." आमच्याशी बोललेलं तिचं पहिलं अख्खं वाक्य, आणि त्यात माझ्या दोन चुका.

छाटायचं कुणी? मी कात्री घेतली, उघडली, मिटली, परत उघडली. चार वर्षांचं झाड, पोरीने वाढवलेलं. सुवासच्या आईने डोळे मिटून घेतले. शेवटी जुनेलीने माझ्या हातातून कात्री घेतली आणि बाजारात केस कापतात तशी फटाफट चालवली. कापलेल्या टोकाकडे तिने जरा वेळ बघितलं, बोटाने चाचपलं, आणि उठून चुलीकडे गेली. डब्यात वीतभर काठी राहिली. दुसऱ्या दिवशी मी ती काठी पुढच्या सीटवर ठेवली तेव्हा सगळा स्टँड हसला. "दाजू, नवरी कुठे गेली? नुसती काठीच फिरवताय?" मी म्हणालो, झोपली आहे. वसंतात उठेल.

माघ सरता सरता ती दुपार आली. सकाळ इतकी लख्ख होती की कांचनजंगा हातावर घेता आली असती. प्रवासी सोडून मी वळणावर थांबलो. बघता बघता आभाळ भरलं, आधी गारा, मग बर्फ. निघावं म्हटलं तर जीप चालू होईना. या गाडीला बर्फाचं वावडं आहे, माझ्यासारखंच. टपरी तर बाईंनी गारा पडायला लागल्याबरोबर बंद केली होती. मी कोट काढला, डब्याला गुंडाळला, पोटाशी धरला आणि चालत घराकडे निघालो. चढ, पायाखाली चिखलबर्फ, अंगात स्वेटर एक, त्यालाही कोपराला खिडकी. कार्थक मास्तरांच्या घराजवळ पोचलो तेव्हा समोरून छत्री येताना दिसली. जुनेली होती, मागे धापा टाकत सुवासची आई. मी म्हणालो, "घे पोरी, सुखरूप आहे," आणि डबा पुढे केला.

तिने डबा घेतला आणि रस्त्याकडेला ठेवून दिला, बर्फात. स्वतःच्या अंगावरची शाल माझ्या डोक्यावरून घातली, आणि व्याहीबुवा, ती माझ्यावर जी ओरडली! "अक्कल आहे का बाबा तुम्हाला? मरू दे ते झाड! तुम्हाला काही झालं तर काय करायचं आम्ही? लहान आहात का? मफलर कुठाय? मफलर कुठे टाकलात?" भर रस्त्यात. मास्तर खिडकीत येऊन बघत होते. आजवर मला पोलिसांनी झापलंय, प्रवाशांनी झापलंय, सुवासच्या आईने तर रोजच झापलंय, पण इतकं गोड मला कुणी झापलं नव्हतं. परक्या माणसाला कुणी मफलर कुठाय म्हणून विचारत नाही हो. आणि तिने मला पहिल्यांदाच बाबा म्हटलं होतं. मी तिथेच, बर्फात, मूर्खासारखा हसत उभा राहिलो. तिला वाटलं थंडी डोक्यात गेली.

थंडी छातीत गेली होती. ताप चढला तो चांगला मुक्कामाला राहिला. मास्तरांनी त्यांची गरम पाण्याची रबरी पिशवी आणून दिली, जी ते मास्तरीणबाईंनाही देत नाहीत. जुनेली उशाशी बसून शेवयांचा गरम थुक्पा भरवायची. तोंडाला चव नव्हती, तर तिने तुमच्याकडून आणलेली डल्लेच्या लोणच्याची बरणी काढली. तळाशी तीन-चार मिरच्या उरल्या होत्या, तिने स्वतःसाठी पुरवून ठेवलेल्या. त्या सगळ्या माझ्या वाडग्यात गेल्या. कपाळाला घाम फुटला, नाक वाहिलं, ताप उतरला. डॉक्टर म्हणाले, गोळ्यांनी. म्हणोत बापडे.

बरा झाल्यावर सुवासच्या आईने हुकूम काढला की म्हाताऱ्याने एकट्याने वळणावर जायचं नाही. तेव्हापासून जुनेली बरोबर येते. डबा मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसते आणि गाडी चालू झाली की हिचं तोंड चालू होतं. काय बोलते, काय बोलते! तुम्ही रेली नदीत डुकरासकट पडलात ते मला कळलं आहे. विहीणबाई तुम्हाला रागात कोणत्या नावाने हाक मारतात तेही. वळणावर आम्ही उन्हात चहा पितो, ती बोलते, मी ऐकतो. आता टपरीवरच्या बाईंशी तिची मैत्री आहे, हवालदाराशी भांडण आहे, आणि मास्तरांकडून ती इंग्रजी पेपर वाचून घेते. म्हणजे सगळं नीट रुळलं.

तेव्हा व्याहीबुवा, आभार. तुम्ही झाड दिलंत, मुलगी दिलीत, आणि दोन्हींपैकी एकीलाही सांभाळायची अक्कल आमच्यात नसताना भरवसा ठेवलात. झाडाची काळजी नसावी. झाड सध्या विश्रांती घेत आहे. विहीणबाईंना नमस्कार, गाईला चारा, वासराला माझ्या वतीने कानामागे खाजवणे.

तुमचा,
रणध्वज राई

ता. क. परसात आहात ना? इकडेतिकडे बघून घ्या. वर "विश्रांती" हा शब्द मी पुष्कळ विचार करून घातला आहे. झाड मेलं आहे. तापातून उठल्यावर पहिल्याच दिवशी वळणावर, जुनेली चहा आणायला गेली तेवढ्यात, मी नखाने साल खरवडली. आत हिरवं असेल तर जीव आहे, असं तुम्हीच सांगितलं होतं. तपकिरी निघालं. मग चाकूने बुंध्यापर्यंत खरवडलं. काडेपेटीतल्या काडीसारखं कोरडं. तितक्यात ती दोन ग्लास घेऊन आली. मी खरवडलेल्या जागेवर माती लावली. तिने विचारलं, "काय म्हणतंय?" मी म्हणालो, झोपलंय. ती म्हणाली, "झोपू दे," आणि शेजारी बसून मला तुमची ती डुकराची गोष्ट सांगायला लागली. आता तुम्हीच सांगा, अशा वेळी माणूस काय बोलणार? झाड मेलं म्हणावं तर उद्यापासून वळणावर जायचं कारण संपलं. तेव्हापासून मी रोज ती काठी नेतो-आणतो. मांडवात दिलेलं वचन खोटं पडलं, तुम्ही म्हणाल त्या नावाने हाक मारा. पण एक उपकार करा. शनिवारच्या बाजाराला तुमच्याकडून जीप येते, तिच्यातून तसंच डल्लेचं झाड, वीतभर छाटून, तेलाच्या पिवळ्याच डब्यात गुपचूप पाठवा. मी स्टँडवर अदलाबदल करून घेईन. जुनेलीला पत्ता लागता कामा नये.

आणखी ता. क. पत्र पाकिटात घालण्याआधी सुवासच्या आईला वाचून दाखवलं. वरच्या ता. क.पर्यंत आल्यावर ती हसायला लागली ती दाढ धरूनच थांबली. म्हणाली, "अहो, ती मिरचीच्या गावची पोर. छाटलं त्याच दिवशी तिला कळलं, आतून नुसतं लाकूड झालंय. चुलीपाशी येऊन मला म्हणाली, आई, बाबांना सांगू नका, त्यांना फार लागेल." मी विचारलं, मग त्या बर्फाच्या दिवशी? म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही कोटात गुंडाळून सरपण आणलंत." मी विचारलं, तू तरी का नाही सांगितलंस? तर म्हणते, "जन्मात पहिल्यांदा तुम्ही रोज ठरल्या वेळी घरी परत येत होता, आणि तेही न पिता. मी कशाला सांगू?" व्याहीबुवा, आता बाहेर अंगणात जुनेली त्या काठीला चमचाभर पाणी घालते आहे आणि मला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने तिच्याशी बोलते आहे. मी खिडकीतून "आज बरी दिसते हं!" म्हणालो. ती "हो ना बाबा!" म्हणाली. हे असं किती दिवस चालणार देव जाणे.

शेवटचं. तेव्हा गुपचूप काही पाठवायला नको. फागूचे रंग खेळून झाल्यावर ती माहेरपणाला तुमच्याकडे येतेच आहे. तुम्ही फोनवर म्हणालात की सुवास यायचा तोवर, पावसाळ्यापर्यंत ठेवून घेऊ. तुमची लेक, तुमचा हक्क, मी तोंड उघडणार नाही. फक्त एवढंच की मिरचीचं झाड वर लावायचं तर चैत्र सरायच्या आत लागलं पाहिजे. (मला यातलं काही कळत नाही. पण तुम्ही तसं ठासून सांगा, तुमचं ती ऐकेल.) झाड द्या तिच्याच हाती, मांडीवर धरून आणायला सांगा. मी स्वतः विचारणार नाही. मी विचारलं तर भिडेखातर "हो" म्हणेल, आणि तिचं ते जुनं "हो" मला परत ऐकायचं नाही. आणि तिलाच अजून राहावंसं वाटलं, तर तिला काही बोलू नका. झाड एकटंच जीपच्या टपावर बांधून पाठवा. मी काय ते समजेन.